गल्लीतून फिरणारी डिस्क

गेल्या दिवाळीच्या आधी दारव्ह्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, प्लेस्टेशनचं बिनडिस्कचं मॉडेल स्वस्तात भेटून राहिलं नं, तेच घेऊन टाकू?" मी म्हटलं, "थांब रे बाबू, आधी इकडे ये." रविवारी तो एसटीनं यवतमाळला आला आणि आम्ही दुपारभर वही घेऊन बसलो. त्या वहीतलाच हा हिशेब आहे.

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून फक्त खेळण्यासाठी बनवलेला संगणक. तो एकदाच विकत घ्यावा लागतो, गेमचे पैसे मात्र वर्षानुवर्षं जात राहतात. पहिल्यांदा घेणारा माणूस नेमका इथं फसतो. सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनडिस्कवाल्याची ३९,९९०. वाचलेले दहा हजार डोळ्यांत भरतात. पण त्या यंत्रासाठी सोनीचा एकेक मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांना येऊ लागला होता. म्हणजे दोन गेममध्ये तो फरक संपला. डिस्कवर घेतलेला गेम खेळून झाला की विकता येतो, मित्राला देता येतो, त्याच्याकडचा आणता येतो. ऑनलाइन घेतलेला गेम आपल्या खात्याला चिकटून राहतो. तो ना विकता येतो, ना कुणाला उसना देता येतो.

आपल्या भागात तर व्हिडिओ गेम उसनवारीवरच वाढला. नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत ज्या यंत्रांवर आम्ही खेळलो, ती बहुतेक सगळी निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होती. समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी त्यांची नावं. गल्लीत एखाद्याच घरी यंत्र असायचं आणि कॅसेटा मात्र दहा घरांतून फिरायच्या. 'काँट्रा'ची कॅसेट ज्याच्याकडे, त्याला त्या आठवड्यात मान. कॅसेट चालली नाही की सगळे फुंकायचे. खरं तर फुंकर मारून तोंडातला ओलावा धातूच्या पट्ट्यांना लागायचा. काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. त्या यंत्राबरोबर येणारी बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही, कारण जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र ज्या पद्धतीनं उमटायचं, त्यावरच तिचा नेम चालायचा. माळ्यावर तशी बंदूक पडली असेल तर जुना टीव्ही भंगारात घालू नका.

ज्यांच्या घरी यंत्र नव्हतं, ते तासाच्या भाड्यानं खेळायचे. आजही मी नवख्याला पहिला सल्ला तोच देतो: ज्याच्याकडे कन्सोल आहे, त्याच्याकडे दोन संध्याकाळी खेळून बघा. आपल्याला फुटबॉल आवडतो, गाडी पळवणं आवडतं की एकट्यानं लांबलचक गोष्ट खेळणं, हे त्यात कळतं. हे न कळता केलेली खरेदी सहा महिन्यांत कपाटात जाते.

खेळून बघायला कुणीच नसेल, तर आधी फक्त कंट्रोलर घ्या. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर ब्लूटूथनं अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या मोबाइलला जोडता येतो, लॅपटॉपलाही चालतो. मोबाइलवरचे अनेक गेम कंट्रोलर ओळखतात. दोन अंगठ्यांनी एकाच वेळी चालायचं आणि बघायचं, हे नवख्याला सर्वांत जड जातं. त्याचा सराव असा कमी खर्चात होतो. पुढं प्लेस्टेशन ४ घेतला तर तोच कंट्रोलर दुसऱ्या खेळाडूच्या हातात देता येतो.

आता यंत्र. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं यंत्र म्हणून वापरलेला, डिस्कचा प्लेस्टेशन ४ घ्यावा, शक्यतो २०१६ साली आलेला सडपातळ अवतार, ज्याला सगळे 'स्लिम' म्हणतात. या यंत्रावर दहा वर्षांहून अधिक काळ गेम निघाले आहेत, त्यामुळे जुन्या डिस्का बाजारात भरपूर आणि मूळ किमतीच्या बऱ्याच खाली मिळतात. शिवाय उद्या पैसे साठवून डिस्कवाला प्लेस्टेशन ५ घेतला, तर प्लेस्टेशन ४ च्या जवळपास सगळ्या डिस्का त्यातही चालतात. एक उणी बाजू सांगायलाच हवी. सोनीनं आपल्या वर्गणीदारांना दर महिन्याला मिळणाऱ्या गेममध्ये जानेवारी २०२६ पासून प्लेस्टेशन ४ वरचा भर काढला आहे. म्हणून या यंत्रासाठी वर्गणी घेण्याआधी विचार करा, डिस्कांवर पैसे घाला.

वापरलेलं यंत्र फोटो बघून घेऊ नये. मी एकदा नागपूरहून घाईत एक यंत्र आणलं. घरी आल्यावर कळलं की आधीच्या मालकाचं खातं त्यात तसंच आहे आणि तो फोन उचलत नाही. म्हणून विकणाऱ्याच्या घरीच टीव्हीला लावून बघा. स्वतःची एखादी डिस्क सोबत न्या, ती आत जाते का, वाचली जाते का, बाहेर येते का ते पाहा. अर्धा तास खेळा. पंखा फार आवाज करत असेल तर आत धूळ बसली आहे. कंट्रोलरच्या दांड्याला हात न लावता चित्रातला माणूस आपोआप सरकत असेल तर तो कंट्रोलर गेलेला समजा आणि तेवढे पैसे कमी करा. एचडीएमआयची वायर हलवून चित्र तुटतं का बघा. मग विकणाऱ्याला त्याचं खातं काढायला लावा आणि यंत्र समोरच पूर्ण कोरं करून घ्या. 'यात शंभर गेम फुकट टाकून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. तसं फोडलेलं यंत्र ऑनलाइन गेलं की बंदी येऊ शकते, आणि ज्यांनी गेम बनवला त्यांच्या हाती काहीच पडत नाही.

एक्सबॉक्स सिरीज एस नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आला. यंत्र छोटं आणि चांगलं आहे, पण त्यात डिस्क घालायची सोयच नाही. एक्सबॉक्सच्या 'गेम पास'ची वर्गणी भरून खूप गेम खेळता येतात, पण त्यासाठी घरी दमदार इंटरनेट हवं. आजचा एकेक मोठा गेम पन्नास ते शंभर जीबीचा असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घाटंजीच्या किंवा झरी-जामणीच्या गावात तो उतरवायचा म्हणजे दिवसच्या दिवस गेले. निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही. बाहेरून आलेलं यंत्र बिघडलं तर जायचं कुठे, हा प्रश्न उरतो, म्हणून पहिल्या खरेदीला मी ते सुचवत नाही.

आपल्याकडे विजेचं आणि उन्हाचं आणखी एक प्रकरण आहे. गेम जतन होत असताना वीज गेली तर साठवलेला खेळ खराब होऊ शकतो, कधी हार्ड डिस्कच दुखावते. घरी इन्व्हर्टर असेल तर टीव्ही आणि कन्सोल दोन्ही त्यावर घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा यंत्र बंद कपाटात ठेवू नये. चारही बाजूंनी वारा हवा, पण कूलरच्या दमट झोतासमोरही नको. कापूस घरात भरलेला असेल त्या दिवसांत त्यावर कापड टाका आणि सुरू करताना आठवणीनं काढा. हार्ड डिस्क गेलीच, तर प्लेस्टेशन ४ मध्ये लॅपटॉपची साधी अडीच इंची हार्ड डिस्क बसते. स्क्रू-ड्रायव्हर धरता येणारा कुणीही ती बदलू शकतो.

गेमवर सुरुवातीला काहीच खर्च न करताही भागतं. रॉकेट लीग सप्टेंबर २०२० पासून आणि फॉल गाइज जून २०२२ पासून फुकट आहेत. ई-फुटबॉल आणि फोर्टनाइटही फुकट. प्लेस्टेशनवर हे गेम ऑनलाइन खेळायला वर्गणी लागत नाही. मात्र आत पोशाख नि सजावट विकत असतात; बँकेचं कार्ड खात्याला जोडून ठेवू नका.

भाच्याच्या आईची भीती वेगळी होती. तिला वाटलं, हे मोबाइलवरच्या रमीसारखंच, यातही पैसे लावावे लागतात. तसं नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून बंदी आणली आहे. डिस्कवर घेतलेला गेम त्या कायद्यात येत नाही; तो पुस्तकासारखा विकत घ्यायचा नि संपवायचा. तिला पटावं म्हणून मी 'राजी' दाखवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला हा गेम २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आणि मग प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली बहीण, मधूनमधून पडद्यावर सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट. ताई अर्धा तास उठली नाही.

शेवटी भाच्यानं एका ओळखीच्या मुलाचा वापरलेला स्लिम घेतला, सोबत क्रिकेटची एक आणि गाड्यांची एक डिस्क. गाड्यांची डिस्क महिन्याभरात दिग्रसला त्याच्या मावसभावाकडे गेली. तिथून फुटबॉलची आली. परवा त्यानं फोन केला, "मामा, फुटबॉलवाली तुमच्याकडे पाठवू का? पण दिवाळीले परत पाहिजे, पुसदच्या पोरानं आधीच सांगून ठेवलं आहे."