तपासण्या निर्दोष, तरी दुखणे खरे
सर्वांगदुखी आणि ताणाचे संप्रेरक

मान, खांदे, पाठ, कंबर, हातपाय असे सारे अंग महिनोन्महिने दुखत राहावे, रात्रभर झोपूनही सकाळी थकवा कायम असावा आणि रक्ततपासणीत किंवा क्ष-किरण चित्रात मात्र काहीच दोष सापडू नये, अशी तक्रार करणारे रुग्ण खेड्यांत व शहरांत सारखेच आढळतात. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. ‘काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत,’ असा शेरा त्यांना घरी ऐकावा लागतो आणि कामाच्या ठिकाणीही. वैद्यकशास्त्र हा शेरा मान्य करीत नाही. या विकाराच्या ‘फायब्रोमायल्जिया’ या प्रकाराचे निकष अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने १९९० साली निश्चित केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली असून तीत दीर्घकालीन सर्वांगदुखीला स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे.

हुकूम आणि अंमल

शरीरावर ताण आला की मेंदूतील अधश्चेतक हा भाग पीयूषिका ग्रंथीस संदेश देतो. ती ग्रंथी मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना चेतविते आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक मिसळते. निरोगी माणसात त्याचे प्रमाण सकाळी सर्वाधिक व रात्री अगदी कमी असते. कॉर्टिसॉल शरीराला ताणाशी सामना करण्यास बळ देते व दाह आटोक्यात ठेवते.

परंतु जिल्ह्याच्या ठिकाणाहून हुकूम निघाला म्हणजे गावात त्याचा अंमल झालाच, असे नव्हे. तो स्वीकारून कार्यवाही करणारा कोणी असावा लागतो. पेशीत हे काम ‘ग्राही’ नावाचे प्रथिन करते. कॉर्टिसॉल त्याला जोडले गेले की ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाते आणि ठराविक जनुकांचे काम वाढविते किंवा थांबविते. मानवी शरीरातील या ग्राहीची जनुकीय रचना १९८५ मध्ये उलगडण्यात आली. मेंदूतील व पीयूषिकेतील ग्राहींवर आणखी एक जबाबदारी असते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले, आता निर्मिती थांबवावी, ही परतीची सूचना तेच देतात. ते मंदावले, तर रक्तातील संप्रेरकाचे प्रमाण योग्य दिसूनही कार्यात उणीव राहते.

संशोधन काय सांगते

ग्राहींचे कार्य पाहण्यासाठी डेक्सामेथासोन या कृत्रिम संप्रेरकाची अल्प मात्रा देतात. ग्राही सजग असतील, तर शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल कमी करते. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मानसिक व सामाजिक कारणांमुळे हा विकार जडण्याचा धोका असलेल्या, पण तोवर सर्वांगदुखी नसलेल्या व्यक्तींची अशी चाचणी केली. पुढे पंधरा महिन्यांनी त्यांची पुन्हा विचारपूस करण्यात आली. ज्यांचे कॉर्टिसॉल या औषधानंतरही चढे राहिले होते, तसेच ज्यांचे सकाळचे प्रमाण कमी व संध्याकाळचे अधिक होते, त्यांना सर्वांगदुखी जडण्याचा संभव अधिक आढळला. म्हणजे बिघाडाची चिन्हे वेदनेच्या आधीच दिसत होती. तथापि सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मज्जासंस्थेची वाढलेली संवेदनशीलता, झोपेतील बिघाड व आनुवंशिकता यांचाही या विकारात वाटा असतो.

स्टेरॉइड हा उपाय नव्हे

संप्रेरकाचे काम नीट होत नाही, तर ते बाहेरून द्यावे, असे कोणाच्याही मनात येईल. आमवाताच्या रुग्णांना १९४८ साली कॉर्टिसोन दिल्यावर विलक्षण आराम पडला आणि त्या कार्यासाठी १९५० चे नोबेल पारितोषिकही दिले गेले. फायब्रोमायल्जियात मात्र हा मार्ग फोल ठरला. अमेरिकेत १९८५ मध्ये २० रुग्णांना रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोन देऊन पाहण्यात आले. निष्क्रिय गोळीपेक्षा त्याचा अधिक लाभ झाला नाही. उलट अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास रक्तशर्करा व रक्तदाब वाढतात, हाडे ठिसूळ होतात, आणि अधिवृक्क ग्रंथी सुस्तावल्यामुळे औषध एकाएकी बंद करणेही धोक्याचे ठरते. तेव्हा अंगदुखीवर मिळणाऱ्या अनोळखी पुड्या, गोळ्या व इंजेक्शने यांपासून दूर राहणेच हिताचे होय.

आपण काय करावे

प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, कारण थायरॉइडचे विकार, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा आमवात यांतही अंग दुखते. ताप, सांध्यांची सूज किंवा वजनातील घट असल्यास विलंब करू नये. फायब्रोमायल्जियाचे निदान झाल्यावर नियमित व्यायाम हाच सर्वांत भक्कम आधाराचा उपाय आहे, असे युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या शिफारशींत म्हटले आहे. चालण्यासारखा व्यायाम थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवावा. झोपेच्या वेळा पाळाव्यात. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

शिक्षक, पंचायत सदस्य आणि कार्यालयप्रमुख यांच्या शब्दाला समाजात वजन असते. ‘दुखणे खरे आहे’ एवढे त्यांनी मान्य केले, तरी अशा रुग्णावरील ताणाचा एक मोठा भार हलका होईल.