एकाच साच्यातली होडी बदलते कशी?

सुप्याच्या एमआयडीसीत साच्यातून निघालेला भाग गेज लावून तपासतात. मापात बसला तर पुढे, नाही तर बाजूला. शिडाच्या शर्यतीची छोटी होडीही इतक्याच काटेकोरपणे मोजतात, हे कळल्यावर मी थक्क झालो. अशा होड्यांना ‘वन डिझाइन’ म्हणतात. होडी सगळ्यांची सारखी, त्यामुळे वारा कोणाला कळतो आणि तोल कोण सांभाळतो, यावर निकाल ठरतो. 1982 च्या एशियाडमध्ये फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी मुंबईच्या समुद्रात सुवर्ण जिंकलं, ते ‘फायरबॉल’ नावाच्या अशाच होडीवर.

पण होडी सारखीच ठेवायची, तर सुधारणा कशी व्हायची?

‘लेझर’चं उदाहरण फार सुंदर आहे. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी 1969 मध्ये फोनवर बोलता बोलता ती कागदावर रेखाटली. लांबी 4.2 मीटर, शीड एक, चालवणारा एकटा. 1971 मध्ये ती विक्रीला आली. खालच्या अंगाचा आकार तेव्हापासून तोच आहे. बदल झाले ते वरच्या सामानात. हलक्या वजनाच्या खेळाडूंना मोठं शीड आवरेना, म्हणून त्याच अंगावर आखूड डोलकाठी आणि लहान शीड आलं. आडवी काठी खाली ओढून धरणारा दोर ताणायला अंगात रग लागायची. 2001 मध्ये जास्त कप्प्यांना परवानगी मिळाली आणि तेच काम बेताच्या ताकदीत होऊ लागलं. डोलकाठीचा वरचा अॅल्युमिनियमचा तुकडा जोरदार वाऱ्यात वाकायचा, तोही रिव्हेटच्या भोकापाशीच! शेवटी त्या जागी कॉम्पोझिट काठी मंजूर झाली. शिडाचं कापड लवकर सैल पडायचं, म्हणून जाड कापडाचं नवं शीड आलं.

यातला कुठलाही बदल एकट्याने केला असता तर खेळाडू बाद झाला असता. नियम बदलायचा तर जगभरच्या सभासदांचं मत घेतात, आणि मंजूर झालेली वस्तू सगळ्यांना एकदमच खुली होते. मला यातली ही शिस्तच सर्वांत मोलाची वाटते. तिच्यामुळे कोणाची जुनी होडी एका रात्रीत भंगारात जात नाही.

2019 मध्ये या होडीचं नावही बदलून ‘आयएलसीए’ झालं. मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये घडलेल्या विष्णू सरवणन यांनी 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं, ते हिच्यातल्या सर्वांत मोठ्या शिडाच्या गटात.