औषध-प्रवेशाच्या प्रयोगांसाठी शेळीच्या कॉर्नियाचे जतन

प्रास्ताविक

डोळ्यात टाकलेल्या थेंबातील औषधापैकी सामान्यतः पाच टक्क्यांहूनही कमी भाग डोळ्याच्या आत पोहोचतो. बाकीचे औषध अश्रूंबरोबर वाहून जाते किंवा नाकात उतरते. या मार्गातील मुख्य अडसर म्हणजे कॉर्निया, अर्थात बुबुळावरील पारदर्शक पडदा. नवे थेंब किंवा जेल हा अडसर कितपत ओलांडते, हे पाहण्यासाठी भारतातील अनेक औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत शेळीचा कॉर्निया वापरला जातो. मांसासाठी कापलेल्या जनावराचा डोळा मिळत असल्याने प्रयोगाकरिता वेगळा प्राणी मारावा लागत नाही. मात्र हा डोळा कसा जतन केला, यावर निष्कर्षाचा खरेखोटेपणा ठरतो.

ऊतीचा ऱ्हास कसा होतो

कॉर्नियाचे स्थूलमानाने तीन थर असतात. बाहेरच्या थरातील पेशी घट्ट जुळलेल्या असतात. त्यातून मेदविद्राव्य औषधे तुलनेने सहज जातात, जलविद्राव्य औषधे अडतात. मधला जाड थर तंतू व पाणी यांचा असून तो नेमका उलट वागतो. सर्वांत आतला एकपेशीय थर आत झिरपलेले पाणी सतत बाहेर टाकतो आणि त्यामुळेच कॉर्निया पारदर्शक राहतो. जनावराच्या मृत्यूनंतर हे कार्य मंदावते. कॉर्निया पाणी शोषून फुगतो व धुरकट होतो, तर उघडा राहिल्यास बाहेरचा थर सुकून सुटू लागतो. अशा पडद्यातून औषध भराभर पार होते आणि विद्यार्थ्याला आपले औषधसूत्र उत्तम असल्याचा भास होतो.

संकलन व वाहतूक

खाटिकाला आधी कल्पना देणे आवश्यक आहे. मुंडी भाजल्यानंतर काढलेला डोळा निरुपयोगी असतो. बुबुळाला इजा न करता संपूर्ण डोळा काढावा व सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानाच्या सलाइनमध्ये ठेवून शक्यतो तासाभरात प्रयोगशाळेत आणावा. बर्फाचा डोळ्याला थेट स्पर्श होऊ देऊ नये. साधे सलाइन वाहतुकीपुरतेच योग्य. त्यात ग्लुकोज नसते, तसेच पेशींची जुळणी टिकवणारे कॅल्शियमही नसते.

प्रयोगशाळेत धुरकट वा ओरखडलेले डोळे बाजूला काढावेत. कॉर्निया कापताना भोवती २ ते ४ मिलिमीटर रुंदीची पांढऱ्या भागाची कडा ठेवावी आणि चिमटा त्या कडेलाच लावावा. डिफ्यूजन सेलमध्ये बाहेरची बाजू औषधाकडे येईल असे बसवून खाली ७.४ पीएचचे बायकार्बोनेट रिंगर द्रावण वापरावे. शक्य असल्यास एका जनावराचा एक डोळा चाचणीला व दुसरा तुलनेला घ्यावा.

साठवण किती काळ?

त्याच दिवशी वापर करणे सर्वांत श्रेयस्कर. नेत्रपेढ्यांसाठी १९७४ मध्ये पुढे आलेल्या मॅकॅरी-कॉफमन माध्यमात मानवी कॉर्निया ४ अंशांवर सुमारे चार दिवस टिकतो. त्यातील डेक्स्ट्रान ऊतीला फुगू देत नाही. नंतरची काही माध्यमे दोन आठवड्यांपर्यंत चालतात. तथापि प्रत्यारोपणास योग्य ऊती औषध-प्रवेशाच्या मोजणीस योग्य असेलच असे नाही. साठवलेल्या कॉर्नियाची ताज्याशी तुलना केल्याशिवाय तो वापरू नये. फ्रीझरमध्ये गोठवल्यास बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, तर फॉर्मॅलिन प्रथिनांची रचनाच बदलते. त्यामुळे हे दोन्ही मार्ग येथे वर्ज्य आहेत.

पडताळणी

प्रयोग संपताच कॉर्नियाची पांढरी कडा काढून टाकावी, वरचे पाणी टिपून वजन करावे, पूर्ण वाळवून पुन्हा वजन करावे. निरोगी कॉर्नियात ७५ ते ८० टक्के पाणी असते. ८३ टक्क्यांहून अधिक पाणी हे इजेचे लक्षण मानतात. समजा, ओले वजन १०० मिलिग्रॅम व कोरडे २२ मिलिग्रॅम भरले, तर पाणी ७८ टक्के, म्हणजे निरीक्षण ग्राह्य. कोरडे वजन १५ मिलिग्रॅमच असेल, तर पाणी ८५ टक्के होते. ते निरीक्षण कितीही आकर्षक असले तरी वगळावे.

समारोप

या प्रयोगात पापण्यांची उघडझाप, अश्रू व रक्ताभिसरण नसते. म्हणून त्यावरून औषधसूत्रांची परस्पर तुलना करता येते, रुग्णाच्या डोळ्यातील परिणामाचे भाकीत करता येत नाही. ही मर्यादा शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आरंभीच सांगावी. कापणीची वेळ, वाहतुकीचे तापमान, साठवणीचे तास व पाण्याचे प्रमाण या चार नोंदी प्रयोगवहीत अनिवार्य केल्यास महागड्या उपकरणाशिवायही विश्वासार्ह संशोधन शक्य होते.