हक्काची चौकट (भाग ५) : गोथमचं बारसं करणारा माणूस

सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला गेले, ती गोष्ट मागच्या आठवड्यात पाहिली. त्याचे निर्माते सिगेल आणि शुस्टर यांची नावं निदान पहिल्या कथेवर छापली गेली होती. बिल फिंगर यांच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

१९३९ मध्ये बॉब केन यांनी बॅटमॅनचं पहिलं रेखाटन केलं. अंगात लाल कपडे, डोळ्यांपुरता मुखवटा, पाठीला ताठ पंख. फिंगर यांनी ते पंख काढायला लावले. त्यांच्या जागी वटवाघळाच्या पंखासारखी कातरलेल्या काठाची झूल आली, डोक्यावर टोकदार कान आले, लाल जाऊन करडा रंग आला. पहिली कथा फिंगर यांनी लिहिली, ब्रूस वेन हे नावही त्यांचंच. पुढे शहराला नाव हवं होतं, म्हणून ते टेलिफोन डिरेक्टरी चाळत बसले. ‘गोथम ज्वेलर्स’ अशी एक नोंद दिसली आणि तिथेच शहराचं बारसं झालं.

पण प्रकाशकाशी करार होता तो एकट्या केन यांचा. फिंगर केन यांच्यासाठी पैसे घेऊन लिहायचे. श्रेयाची ओळ केन यांनी स्वतःपुरती पक्की करून घेतली होती. चित्रकथा टीव्हीवर जाते तेव्हा नेमकं इथेच घोडं पेंड खातं. मालिकावाले परवानगी घेतात ती मालकाची, आणि निर्माता म्हणून पडद्यावर नाव येतं ते करारात असेल त्याचं. चित्रकथेच्या टेबलाशी खरं कोण बसलं होतं, हे विचारायची गरज कुणालाच पडत नाही.

१९६६ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेची एक दोन भागांची कथा फिंगर यांनी चार्ल्स सिंक्लेअर यांच्यासोबत लिहिली. पडद्यावर नाव आलं, पण त्या कथेचा लेखक म्हणून. १९७४ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये फॉक्स वाहिनीवर नवी मालिका आली आणि तिचं नावच ‘गोथम’! पहिल्या पर्वात फिंगर यांचं नाव नव्हतं. हे वाचताना माझा आजही संताप होतो. लेखक मार्क टायलर नोबलमन यांनी अनेक वर्षं हा विषय लावून धरला, नात अथीना फिंगर उभी राहिली, तेव्हा कुठे २०१५ मध्ये केन यांच्या नावाला जोडून ‘बिल फिंगर यांच्यासह’ हे शब्द आले.

आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत बराच उदार आहे. कलम ५७ नुसार हक्क विकले तरी ‘हे माझं काम आहे’ असं सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. कलम १७ मधली एक तरतूद तर वर्तमानपत्रात पगारावर असलेल्या प्रत्येक व्यंगचित्रकाराने वाचायलाच हवी. नोकरीचा भाग म्हणून अंकासाठी काढलेल्या चित्रमालिकेवर मालकाचा हक्क असतो तो वर्तमानपत्रात किंवा मासिकात छापण्यापुरता. बाकी सगळे हक्क, म्हणजे टीव्ही मालिकेचेसुद्धा, चित्रकाराचेच. अट एकच : उलट काही ठरलेलं नसावं.

हे ‘उलट’ बहुतेक वेळा नेमणुकीच्या कागदांतच असतं, आणि रुजू होण्याच्या घाईत त्यावर सही होऊन जाते. त्या कागदांतल्या ‘सर्व माध्यमे’ या दोन शब्दांकडे पुढच्या आठवड्यात वळू.