कॉर्डलेस ड्रिल घ्यायला बोहरी आळीत जाताय? मशीनचा सोडा, आधी दुसऱ्या बॅटरीचा भाव विचारा

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिले दोन महिने सोसायटीत एकच आवाज घुमत असतो, ड्रिल मशीनचा. पडद्याचे रॉड, टीव्हीचा स्टँड, देवघर, गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी. चार भोकं पाडायला माणूस बोलवावा, तर तो "उद्या येतो साहेब" म्हणून आठवडाभर गायब. मग आपण ठरवतो, मशीनच घेऊन टाकू.

तेवढ्यात मोबाईलला कुणकुण लागते आणि रील सुरू होतं. ४८ व्होल्ट, दोन बॅटऱ्या, सोबत सुटकेस, वर ७० टक्के सूट. तिकडे रविवार पेठेतल्या बोहरी आळीत चौकशी केली, तर नावाजलेल्या कंपनीचं १२ व्होल्टचं मशीन याच्या दुप्पट भावात. साहजिकच वाटतं, दुकानदार आपल्याला टोपी घालतोय.

घरी भोकं पाडणाऱ्याचं चुकलं तर दोन-तीन हजार जातात. पण आयटीआय करून नुकताच धंद्यात उतरलेला इलेक्ट्रिशियन, एसी बसवणारा पोरगा, फर्निचरचं काम घेणारा मिस्त्री यांचं चुकलं तर प्रकरण वेगळं होतं. मशीन बंद म्हणजे दिवसाचा खाडा, आणि हप्त्यावर घेतलं असेल तर मशीन मेल्यावरही हप्ता चालूच.

मग कॉर्डलेस मशीनचा "चांगला भाव" ओळखायचा कसा? तेच बघू.

सगळा खेळ बॅटरीचा

वायरचं ड्रिल घेतलं की विषय संपतो. प्लग लावा, चालवा. कार्बन झिजले तर थोडक्या पैशांत बदला, पुन्हा काही वर्षं बघायला नको.

कॉर्डलेसचं तसं नसतं. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये पहिलं कॉर्डलेस ड्रिल बाजारात आणलं, ते निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालायचं. पुढे याच कंपनीच्या मदतीने बनलेलं बॅटरीचं ड्रिल १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतून चंद्रावर गेलं. पण रोजच्या साईटवर कॉर्डलेस खऱ्या अर्थाने रुळलं ते २००५ च्या आसपास लिथियम-आयन बॅटऱ्या आल्यावर. वजन कमी झालं, ताकद वाढली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. मोटर आणि गिअर बरीच वर्षं टिकतात, आधी जाते ती बॅटरी.

दुसरी गोष्ट, एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. कधीकधी एकाच कंपनीतही बसत नाही. बॉशचंच बघा. निळी मशीन कारागिरांसाठी, हिरवी घरगुती वापरासाठी. दोन्हीकडे १८ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी यांची बॅटरी त्यांना चालत नाही.

म्हणजे पहिलं मशीन घेताना तुम्ही एका बॅटरीशी लग्न लावत असता. पुढचा ग्राइंडर, पुढचा कटर, पुढचा ब्लोअर त्याच घरातला घ्यावा लागणार. म्हणून दुकानात पहिला प्रश्न "ड्रिल कितीला?" हा नसतो. "याची सुटी बॅटरी कितीला, आणि दोन वर्षांनी मिळेल का?" हा असतो. सुटी बॅटरी मिळतच नसेल, तर ते मशीन पहिली बॅटरी मरेपर्यंतचंच समजायचं.

१८, २० आणि २१ व्होल्ट एकच असतात

एका लिथियम-आयन सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६ असतं, पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ पर्यंत जातं. पाच सेल एका ओळीत जोडले की सरासरी १८ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर २१. म्हणून कुणी १८ लिहितं, कुणी "२० मॅक्स", कुणी २१. आतले सेल पाचच. डिवॉल्टची एकच बॅटरी मालिका अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकली जाते आणि युरोपात १८ व्होल्ट म्हणून. तसंच "१२ मॅक्स" म्हणजे तीन सेल, सरासरी १०.८ व्होल्ट.

आता रीलमधल्या मशीनकडे या. त्यावर ४८, ८८, कधी तर १२८ लिहिलेलं असतं, आकड्यामागे "व्हीएफ" अशी अक्षरंही असतात. खरोखर ८८ व्होल्ट हवे असतील तर साधारण २४ सेल एका ओळीत लागतील. या बॅटऱ्यांमध्ये सर्रास वापरला जाणारा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन एक किलोच्या वर गेलं. मुठीत मावणाऱ्या बॅटरीत ते बसणार कुठे? थोडक्यात, तो आकडा मॉडेलचं नाव म्हणून छापलेला असतो. तो व्होल्टेज समजून जास्त पैसे मोजू नका.

तुलना करायचीच असेल तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॅट-अवर. १२ मॅक्स आणि २ अँपिअर-अवर म्हणजे साधारण २२. बॅटरीत काम किती भरलंय हे या आकड्यावरून कळतं, भावाची तुलनाही यावरच करा.

भाव विचारण्याआधी भिंतीवर टकटक करा

पुण्यात ही पायरी फार महत्त्वाची आहे. पेठांमधल्या, कोथरूड-सहकारनगरमधल्या जुन्या इमारतींच्या भिंती बहुतेक विटांच्या असतात. त्यात १२ व्होल्टचं इम्पॅक्ट ड्रिलही छोटं भोक पाडून देतं. पण वाकड, हिंजवडी, वाघोलीकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीचं काम असतं. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसकट सगळं काँक्रीटमध्येच ओतलेलं. तिथे इम्पॅक्ट ड्रिल नुसतं ओरडतं, बिट लाल होतो, भोक काही पडत नाही.

तिथे लागतो रोटरी हॅमर. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून धक्के देतात. हॅमरमध्ये पिस्टन हवेच्या दाबाने बिटवर घाव घालतो, म्हणून तो काँक्रीट फोडतो. त्याचे बिट वेगळे असतात, एसडीएस प्लस पद्धतीचे. भिंत काँक्रीटची आणि हातात १२ व्होल्टचं ड्रिल असेल, तर ते फुकट मिळालं तरी महागच पडलं.

आणि एक कडू सत्य. वर्षातून दहा भोकं पाडायची असतील तर वायरचं मशीनच घ्या किंवा भाड्याने आणा. लिथियम बॅटरी रिकामी होऊन वर्षभर माळ्यावर पडली तर सेल मरू शकतात. मग दिवाळीच्या साफसफाईत मशीन सापडतं, चालत मात्र नाही.

बोहरी आळी की ऑनलाइन?

पुण्यात हत्यारांसाठी पहिलं नाव निघतं बोहरी आळीचं. हार्डवेअरची ठोक-किरकोळ बाजारपेठ, दुकानाला दुकान चिकटलेलं. इलेक्ट्रिकच्या सामानासाठी जवळच बुधवार पेठेत तपकीर गल्ली. गाडी लावायला जागा मिळणं अवघड, पण सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून मंडई स्टेशनला उतरून चालत जाता येतं.

इथे भाव ऐकताना एक गोष्ट पक्की विचारून घ्या, "जीएसटी धरून की सोडून?" हार्डवेअरच्या धंद्यात जीएसटी सोडून भाव सांगायची पद्धत आहे. पॉवर टूल्सवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ५,००० सांगितलेलं मशीन हातात पडेपर्यंत ५,९०० होतं. ऑनलाइन दिसणारा भाव कर धरून असतो. दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नका.

तुमच्या धंद्याला नियमित जीएसटी नंबर असेल तर पक्कं बिल त्याच नंबरवर घ्या. ते ९०० रुपये इनपुट क्रेडिट म्हणून वळते करता येतात. नंबर नसला तरी पक्कं बिल सोडू नका, वॉरंटी त्याच कागदावर चालते. "बिलाशिवाय घ्या, कमी करतो" म्हणजे वॉरंटीवर पाणी.

ऑनलाइनला बघायचं ते वेगळं. "एमआरपीवर ७० टक्के सूट" या वाक्याला किंमत देऊ नका. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किती घेता येईल तो आकडा, आणि तो कंपनीच छापते. सूट एमआरपीवरून न मोजता, तेच मॉडेल दुसरीकडे कितीला मिळतंय त्यावरून मोजा. विक्रेता कोण, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता दिलाय का, कुठल्या देशात बनलंय, हे वाचा. ही माहिती देणं बंधनकारक आहे. ती लपवणारा पुढे वॉरंटीही लपवणारच.

किट, सोलो आणि खंडेनवमीचा मुहूर्त

कॉर्डलेस मशीन दोन प्रकारे मिळतं. किट म्हणजे मशीन, बॅटरी, चार्जर सगळं. सोलो किंवा बॉडी म्हणजे नुसतं मशीन. मकिताच्या मॉडेल नंबरच्या शेवटी इंग्रजी "झेड" असेल तर सोबत बॅटरी येत नाही. ऑनलाइन भाव अचानक फारच कमी दिसला तर आधी हे तपासा, कारण अनेकजण सोलोचा भाव बघून उड्या मारतात आणि खोक्यात बॅटरी शोधत बसतात.

पण सोलो समजून घेतला तर खरी बचत तिथेच आहे. हिशोबासाठी आकडे धरू. ड्रिल, ग्राइंडर आणि कटर, तिन्ही किट घेतले ९,००० च्या भावाने, झाले २७,०००. त्याऐवजी पहिलं किट ९,००० ला आणि बाकीची दोन मशीन सोलो ५,००० च्या भावाने, झाले १९,०००. आठ हजार वाचले, कारण त्याच बॅटऱ्या तिन्हीकडे फिरल्या. ग्राइंडर बॅटरी जास्त खातो, त्यामुळे वाचलेल्या पैशातून एक मोठी बॅटरी घेतली तरी परवडतं.

कधी घ्यायचं? आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि दसऱ्याला नवीन वस्तू घेतात. ऑनलाइनवाल्यांचे मोठे सेलही साधारण याच दिवसांत येतात. पण सेलमध्ये घ्यायचं तर त्या मॉडेलचा भाव महिनाभर आधीच लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. आणि तो स्क्रीनशॉट बोहरी आळीत दाखवा. दुकानदार तेवढा भाव देईलच असं नाही, पण दोन बिट, एक केस किंवा बॅटरीच्या भावात सवलत नक्की मागता येते.

जुना बाजार आणि "कंपॅटिबल" बॅटरी

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मशीन मातीमोल भावात दिसतात. वायरचं जुनं मशीन प्लग लावून तपासता येतं. कॉर्डलेसची जुनी बॅटरी मात्र आंधळा सौदा आहे. पाच मिनिटं फिरलं म्हणजे तासभर चालेल असं नाही. आणि चोरीचा माल आहे हे कळत असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेत घेणाराही अडकतो.

"सेम टू सेम, कंपनीच्या मशीनला बसते" म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांचंही तसंच. वर ५ किंवा ६ अँपिअर-अवर लिहिलेलं असतं. १८ व्होल्टच्या ५ अँपिअर-अवर बॅटरीत साधारण दहा सेल लागतात, म्हणजे सेलचंच वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. हातात घेतल्यावर हलकी लागली तर आत पाचच सेल असण्याची शक्यता जास्त. अशा बॅटऱ्यांसाठी बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर इंग्रजी "आर" अक्षराने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा की खोटा बघता येतो. भडकलेली लिथियम बॅटरी विझवणं सोपं नसतं, त्यामुळे हा एक मिनिट वाया जात नाही.

सुतारकाम करत असाल तर हे वाचा

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यात सुतार, लोहार, गवंडी असे १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. पात्र कारागिराला हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. प्रशिक्षणानंतर पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकतं. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर मात्र या १८ जणांत नाहीत. सुतारकाम करणाऱ्याने शून्य टक्के लिहिलेल्या हप्त्यावर सही करण्याआधी हा रस्ता तपासावा. त्या शून्याच्या मागे प्रोसेसिंग फी किती, हेही विचारावं.

पैसे देण्याआधी हे सात प्रश्न

१. सुटी बॅटरी कितीला आणि पुण्यात कुठे मिळते?
२. याच बॅटरीवर अजून कुठली मशीन चालतात?
३. बॅटरी किती अँपिअर-अवरची, आणि किटमध्ये किती येतात?
४. भाव जीएसटी धरून की सोडून?
५. मशीनची वॉरंटी किती, आणि बॅटरी-चार्जरची वेगळी किती?
६. ऑनलाइन नोंदणी केल्यावर वॉरंटी वाढते का?
७. सर्व्हिस सेंटर पुण्यातच आहे की मशीन कुरिअरने पाठवावं लागेल?

सातही उत्तरं नीट मिळाली तर दोनशे-चारशे रुपयांसाठी दुसऱ्या दुकानात पायपीट करू नका. दुकानदार पहिल्याच प्रश्नाला अडखळला तर मात्र भाव कितीही कमी असला तरी पुढे चला. आणि घेतल्यावर फसगत झालीच, तर बिल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा.