इंग्रजीचे सुटे शब्द नकोत, पूर्ण वाक्ये हवीत

भूम : राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० साली सुरू झाला. त्याआधी मराठी शाळांत तो पाचवीत येत असे. त्यामुळे भूमसारख्या तालुक्याच्या गावी आजी-आजोबांचे इंग्रजी बेताचे, आई-वडिलांचे पुस्तकी आणि अपेक्षांचे ओझे मात्र बालवाडीतील मुलावर, असे चित्र अनेक घरांत दिसते.

त्यावर उपाय म्हणून ‘मिल्क पी’, ‘हँड धू’ असे बोलणे सुरू होते. यातून मूल नामे शिकते, भाषा नव्हे. मराठीत क्रियापद शेवटी येते : ‘मी दूध पितो’. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते : ‘आय ड्रिंक मिल्क’. हा क्रम पूर्ण वाक्ये वारंवार ऐकूनच अंगवळणी पडतो. खव्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात दुधाला काय तोटा? दूध पिण्याच्या वेळी रोज दोन-तीन ठरावीक वाक्ये इंग्रजीत बोलावीत. बाकी व्यवहार निखळ मराठीत चालू द्यावा.

उच्चारांची धास्तीही नको. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’चा फरक मूल कोणत्याही नियमाविना, केवळ ऐकून आत्मसात करते.

मात्र हे काम मोबाईलवर सोपवून भागत नाही. पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधील प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषेतील ध्वनी समोर बसलेल्या व्यक्तीकडून उमगले. चित्रफितीतून उमगले नाहीत. मोबाईलवर इंग्रजी गोष्ट लावलीच, तर शेजारी बसून तीतील वाक्य मुलासोबत म्हणावे.