बाळंतपणाची बॅग : आधी फाइल, मग झबली

पुतणीला कळा सुरू झाल्या त्या रात्री आमच्या घरातून दोन सुटकेस, एक थर्मास, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि तिची आवडती उशी निघाली. दवाखान्यात पोचल्यावर पहिला प्रश्न आला, "फाइल कुठंय?" फाइल पुण्याला, सासरी. पुतणी कराडला, माहेरी. मग रात्री दीड वाजता जावईबापू एकेका पानाचा फोटो काढून पाठवत बसले.

बॅग म्हणजे कपडे, हा पहिला गैरसमज. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. त्यामुळे तपासण्या एका गावात आणि बाळंतपण दुसऱ्या गावात, असं सर्रास होतं. म्हणून बॅगेत सगळ्यात आधी जातात ते कागद: माता व बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आधार, विमा असेल तर त्याचं कार्ड. रक्तगटाचा रिपोर्ट तर हवाच हवा. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. ते पुढच्या गरोदरपणासाठी असतं, म्हणून आत्ता कुणाला त्याची घाई वाटत नाही आणि ते राहून जाऊ शकतं.

"नऊ महिने नऊ दिवस भरू देत, मग बघू." डॉक्टर देतात ती तारीख शेवटच्या पाळीपासून ४० आठवड्यांची, पण बाळ कॅलेंडर वाचत नाही. जगात साधारण दहातलं एक बाळ ३७ आठवड्यांच्या आत जन्मतं. ३४-३५ वा आठवडा लागला की बॅग भरून ठेवावी. जुळी असतील किंवा रक्तदाब वाढलेला असेल तर त्याही आधी.

बाळाचं काही आधी आणायचं नाही, अपशकुन होतो, असं आजी म्हणते. ज्या काळात घरोघरी बाळं दगावायची त्या काळाची ती भीती आहे. तिच्यावरून आजीशी भांडण्यात अर्थ नाही. नवीन कपड्यांची गरजही नाही. जुन्या सुती लुगड्याची दुपटी नव्या कापडापेक्षा मऊ असतात. फक्त ती स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेली हवीत, ट्रंकेतून काढली तशीच नकोत.

खरी गडबड होते ती बाळाच्या पिशवीत. तिथं हमखास सापडतात मधाची बाटली, गुटी, काजळ, पावडर आणि "असू दे, लागली तर" म्हणून घेतलेली दुधाची बाटली. मध चाटवण्यात प्रेम आहे, पण मधात बोट्युलिझमचे जिवाणू सुप्तावस्थेत असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. म्हणून वर्षभर मध नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. बाटलीचं कारण वेगळं. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा पिवळसर चीक थोडाच असतो, त्यामुळे "हिला दूधच येत नाही" असा निकाल लगेच लागतो. बाळाला तेवढाच पुरतो. जन्मल्यावर तासाभरात त्याला छातीशी घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाटल्या आणि दुधाच्या पावडरी यांच्या जाहिरातींवर, फुकट नमुन्यांवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगाच नाही. वरचं दूध द्यायची खरंच वेळ आली तर ते डॉक्टर सांगतील. साबण आणि तेलही घरीच राहू द्या, कारण पहिली आंघोळ निदान २४ तासांनी घालायची असते. न्यायचं ते इतकंच: सहा-सात झबली, लंगोट, दुपटी, पायमोजे आणि दोन टोपडी. ओल्या डोक्यातून बाळाची ऊब भराभर जाते, म्हणून टोपडं विसरू नका.

"सीझरच ठरलंय, मग पॅड कशाला?" हा प्रश्न शिकलेल्या बायकांकडूनही ऐकला आहे. वार सुटते तिथून रक्त जातं, बाळ कुठल्याही वाटेनं येवो. हा स्राव चार ते सहा आठवडे चालू शकतो. मोठे पॅड भरपूर घ्या. समोरून उघडणारे दोन-तीन गाऊन घ्या आणि टाक्यांवर इलॅस्टिक येणार नाही अशा उंच निकर घ्या.

सरकारी दवाखान्यात औषधापासून सगळं घरून न्यावं लागतं, हेही खरं नाही. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सीझरला ७ दिवस जेवण मिळतं. नेणं आणि घरी सोडणंही त्यातच येतं. कुणी पैसे मागितले तर आशाताईंना विचारा. जननी सुरक्षा योजनेत बसत असाल तर बाळंतिणीच्या स्वतःच्या नावच्या पासबुकाची झेरॉक्स फाइलीत असू द्या.

दागिने घरी ठेवा. नेलपॉलिश काढून टाका, नाहीतर बोटाला लावायचं ऑक्सिमीटर चुकीचं दाखवू शकतं. लाडवांचं म्हणाल, तर पहिल्या दिवशी ते बाहेर बसलेले नातेवाईकच संपवतात.

बॅग कुठल्या कपाटात आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पण पाणी गेलं, रक्त जाऊ लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर ती शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि निघा. बॅग मागून कुणीतरी घेऊन येईल.